लपवलेले मन, नमाज आणि निकाह : बायकोला सांगावे का?

वेदगंगाकाठ (शुक्रवार, रात्री ११:५०)

सर्वांना सलाम आणि नमस्कार. मी निपाणी तालुक्यातला आहे, वय ३६. घरात आम्ही दखनी बोलतो, दुकानात कन्नड आणि मराठी दोन्ही लागतात, पण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकल्यामुळे ही गोष्ट लिहायला मला मराठीच जवळची वाटते. माझ्यासारख्यासाठी दखनीत मी जे शब्द ऐकत आलो, त्या सगळ्या शिव्या आहेत. 'समलिंगी' हा शब्द मी असे संबंध गुन्हा नाहीत या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालाच्या बातमीत वाचला, आणि तो शिवी नाही एवढ्यानेच दुकानाच्या माळ्यावर जाऊन रडलो. तेव्हा माझा निकाह होऊन दोन वर्षे झाली होती.

पुरुषांबद्दलची ही ओढ मला चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून आहे. रोजे ठेवले, तहज्जुदला (मध्यरात्रीनंतरच्या नमाजेला) उठलो, निकाहाआधी इस्तिखाराही (अल्लाहकडे योग्य मार्ग मागण्याची नमाज) केला. लग्न झाले की सगळे मार्गी लागेल असे मनाला बजावले आणि अम्मीने ठरवलेल्या मुलीला 'कबूल है' म्हटले. आम्हाला सहा वर्षांची मुलगी आहे. गेली चार वर्षे आम्ही नवरा-बायको म्हणून एकत्र आलेलो नाही. बायकोला वाटते की माझ्यावर कोणी करणी केली आहे. ती एका बुजुर्गांकडून दम केलेले, म्हणजे दुआ पढून फुंकलेले, पाणी बाटलीत भरून आणते आणि रोज सकाळी माझ्या चहात चमचाभर मिसळते. मला ते ठाऊक आहे. ती पाठमोरी असताना चमच्याचा आवाज येतो, आणि मी काही न बोलता तो चहा पितो.

दोन वर्षांपूर्वी फोनवरच्या ॲपवरून ओळख झालेल्या एका माणसाला मी कोल्हापुरात दोनदा भेटलो. नंतर त्याने घरी कळवण्याची धमकी देऊन पैसे मागितले आणि मी ते दिले. त्यानंतर कोणालाही भेटलेलो नाही.

मी नमाज सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्यासारख्याची दुआ त्या दारी पोहोचते का? आणि बायकोला सांगावे की हे माझ्याबरोबर कबरीत न्यावे?

बाजारवेस (शनिवार, सकाळी ७:१५)

भाऊ, मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. सांगू नका. आपल्या गावांत एका घराची गोष्ट संध्याकाळपर्यंत चार मोहल्ल्यांत जाते. उद्या मुलीचे स्थळ बघताना हेच पुढे येईल. आपण कमावता, मारहाण करत नाही, व्यसन नाही. एवढे तरी किती बायकांच्या नशिबी असते? ज्या गोष्टीवर अल्लाहने पडदा टाकला आहे तो आपल्या हाताने का फाडायचा?

हुक्केरीचा_तालिब (शनिवार, दुपारी २:४०)

मी मदरशात शिकलेला आहे. मुफ्ती नाही, त्यामुळे हा फतवा समजू नये. आपला पहिला प्रश्न वाचून मन भरून आले, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. मनात येणारी ओढ आणि हातून घडणारे कर्म या दोहोंत आपल्या दीनने (धर्माने) फरक केला आहे. मनात जे येते ते जोवर बोलण्यात किंवा कृतीत उतरत नाही तोवर या उम्मतला (मुस्लिम समाजाला) त्याची माफी आहे, अशी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस (प्रेषितांचे वचन) आहे. सूरह अज-जुमरच्या ५३ व्या आयतीत तर ज्यांनी स्वतःवर अतिरेक केला त्यांनाही अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नका असे सांगितले आहे. दुआ पोहोचते, याबद्दल शंका नको. पुरुषाने पुरुषाशी शरीरसंबंध ठेवणे मात्र चारही मजहबांत (धर्मकायद्याच्या शाखांत) हराम आहे, आणि आपल्याला बरे वाटावे म्हणून मी ते झाकून ठेवणार नाही.

बाजारवेस यांनी पडद्याचा दाखला दिला आहे, तो अर्धाच आहे. स्वतःचे पाप चव्हाट्यावर सांगू नये हे खरे. पण निकाह हा दोघांचा करार आहे आणि त्यात तिचा हक्क आहे. सूरह अल-बकराच्या २२६ व्या आयतीत बायकोजवळ न जाण्याची शपथ घेणाऱ्याला चार महिन्यांची मुदत दिली आहे. आपण शपथ घेतलेली नाही, परंतु बायकोला अधांतरी ठेवण्याला मर्यादा असते हे तत्त्व उलेमांनी तिथूनही घेतले आहे. चार महिने कुठे आणि चार वर्षे कुठे! त्या चारपैकी हनफी फिक्हमध्ये (धर्मकायद्यात) असेही आहे की बायकोवर जुलूम होईल याची ज्याला खात्री आहे त्याने निकाह करणेच हराम. 'लग्न करून टाका, सुधारेल' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा मसला कोणीतरी सांगायला हवा.

शांत_ओसरी (शनिवार, रात्री १०:०५)

मी खानापूर तालुक्यातली आहे. या धाग्यावर अजून कोणी बायकोच्या जागेवरून लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. मी अशा माणसाची अकरा वर्षे बायको होते.

वेदगंगाकाठ भाऊ, चहात पाणी घालणारी ती बाई मी आहे असे समजा. मी बेळगाव आणि मिरजेचे डॉक्टर केले, मिरजेच्या दर्ग्यात नवस बोलले, गोरी दिसावे म्हणून मलमे लावली, उपाशी राहून बारीक झाले, नंतर सासूबाई म्हणाल्या म्हणून दूध-बदाम खाऊन जाड झाले. रात्री तो पाठ फिरवून झोपला की मी स्वतःच्या हाताचा वास घेऊन बघत असे, कांद्या-लसणाचा वास तर येत नाही ना म्हणून. शेवटी मला त्याच्या फोनवरून कळले. तो समलिंगी आहे याचा धक्का फार तर महिनाभर टिकला. मी अकरा वर्षे माझ्याच शरीरात दोष शोधत होते आणि तो ते बघत होता, हे दुःख अजून गेलेले नाही.

बाजारवेस भाऊंना एवढेच विचारते, व्यसन नाही आणि मारहाण नाही म्हणजे बाईला सगळे मिळाले का? ज्या अब्रूची आपण काळजी करता, ती जपण्याचे काम त्या घरात एकटी तीच करते आहे, आणि आपण काय जपतो आहोत हेसुद्धा तिला ठाऊक नाही.

जुना_फळा (रविवार, सकाळी ९:३०)

मी चिकोडी भागात अडतीस वर्षे शिक्षक होतो. हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. मराठा, लिंगायत, जैन अशा सगळ्या घरांत 'लग्न लावून द्या, ठिकाणावर येईल' हाच सल्ला मी ऐकला आहे, आणि मुख्याध्यापक म्हणून एकदा मीही तो दिला, याचा मला आज पश्चात्ताप होतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत जोगप्पांना स्थान आहे. आपल्या समाजाने पूर्वी वेगळ्यांसाठी जागा ठेवलेली होती, हे त्यावरून दिसत नाही का?

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले तेव्हा मी शाळेत होतो. प्रश्न आतून विचारण्याची ती परंपराही मराठीच आहे.

रातराणी (रविवार, दुपारी १:२०)

मास्तर, आपल्या भावनेचा आदर ठेवून एक दुरुस्ती सुचवते. जोगप्पा देवीला वाहिलेले असतात, स्त्रीवेश धारण करतात आणि त्यांची ओळख स्त्रीत्वाशी जोडलेली असते. वेदगंगाकाठ यांचा प्रश्न तो नाही. शिवाय त्या स्थानाबरोबर घरदार सुटणे आणि जोगवा मागणेही आले. मला तरी ती मोकळी जागा वाटत नाही.

मी २७ वर्षांची आहे, मुसलमान आहे आणि मला मुली आवडतात. पुरुषांना निदान कोल्हापूरला जाता येते. मला बेळगावच्या खडे बाजारात एकटी गेले तरी दोन फोन येतात. पुढच्या महिन्यात मला बघायला येणार आहेत. मला प्रत्येकाने सब्र कर असे सांगितले. तुला निकाह मान्य आहे का असे अजून कोणी विचारलेले नाही. तालिब भाई, मुलीची संमती नसेल तर काय?

हुक्केरीचा_तालिब (रविवार, सायंकाळी ६:१०)

बहेन, आमच्या हनफी मसल्याप्रमाणे वयात आलेल्या मुलीच्या संमतीशिवाय तिचा निकाह लावता येत नाही. जिचा निकाह वडिलांनी तिच्या मर्जीविरुद्ध लावला होता अशा एका स्त्रीला प्रेषितांनी निर्णयाचा अधिकार दिल्याची हदीसही आहे. आपण नकार द्यावा. कारण सांगण्याची सक्ती आपल्यावर नाही. 'मला हे स्थळ मान्य नाही' एवढे वाक्य शरियतमध्ये पुरेसे आहे. घरात ते पुरेसे ठरत नाही हे मी जाणतो. घरात एखादी फुफी किंवा खाला (आत्या किंवा मावशी) आपले ऐकणारी असेल तर तिला आधी बाजूला घ्यावे.

घटप्रभा (रविवार, रात्री ११:३५)

मी ४८ वर्षांचा, अविवाहित, गोकाकजवळ आईसोबत राहतो. तीन वेळा स्थळे आली आणि तिन्ही वेळा मी नाही म्हटले. तिसऱ्या वेळी अब्बा माझ्याशी आठ महिने बोलले नाहीत आणि त्याच अबोल्यात गेले. त्यांना खांदा दिला तेव्हा वाटले की एकदा हो म्हटले असते तर ते समाधानाने गेले असते. आज या धाग्यावर शांत_ओसरी यांनी लिहिलेले वाचले आणि त्या नकाराबद्दल इतक्या वर्षांनी प्रथमच मला हलके वाटले.

तालिब भाईंच्या एका मुद्द्यावर मात्र वेगळे मत नोंदवतो. हे हराम आहे म्हणताना ज्यांचा दाखला दिला जातो त्या नबी हजरत लूत यांच्या कौमवर (लोकांवर) अजाब, म्हणजे अल्लाहची शिक्षा, आला तो कशासाठी, याबद्दल आज काही मुसलमान अभ्यासक वेगळे वाचन मांडतात. स्कॉट कुगल हे त्यांतले एक. पाहुण्यांवर बळजबरी, वाटमारी, नबीला नाकारणे हा त्या कौमचा गुन्हा होता आणि परस्परांच्या मर्जीने सोबत राहणारी दोन माणसे त्यात येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. दक्षिण आफ्रिकेतील इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांनीही लग्न, मुले आणि घटस्फोट यांतून गेल्यावर आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले आणि पुढे आयुष्यभर इमाम म्हणूनच काम केले. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. ती बातमी वाचून मी मगरिबची नमाज पढलो आणि बराच वेळ मुसल्ल्यावरून उठलोच नाही.

हुक्केरीचा_तालिब (सोमवार, पहाटे ६:००)

घटप्रभा साहेब, वाटमारीचा उल्लेख सूरह अल-अनकबूतच्या २९ व्या आयतीत आहे हे खरे. पण त्याच आयतीत पुरुषांकडे जाण्याचाही उल्लेख आहे, म्हणून बहुसंख्य उलेमांनी हे नवे वाचन स्वीकारलेले नाही आणि मीही स्वीकारत नाही. हेंड्रिक्स यांच्या हत्येबद्दल मात्र माझ्या मनात दुमत नाही. कोणा माणसाने बंदूक घेऊन दुसऱ्याचा हिशेब करावा, हा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. सूरह अल-हुजुरातची १२ वी आयत तर दुसऱ्यांच्या पाळतीवर राहण्यासही मनाई करते.

आपल्या अब्बांच्या मगफिरतीसाठी (क्षमेसाठी) मी आजच्या फज्रमध्ये दुआ केली आहे.

समुपदेशिका_बेळगाव (सोमवार, दुपारी १२:४५)

वेदगंगाकाठ, आपल्या लिखाणात एक गोष्ट सुटली आहे आणि ती आपल्याइतकीच आपल्या पत्नीच्या हक्काची आहे. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व तपासणी) केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याने ती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. कोल्हापूरच्या भेटींना दोन वर्षे झाली असल्याने आता एकाच तपासणीत उत्तर मिळेल. निपाणीत ओळखीचे लोक भेटतील अशी भीती वाटत असेल तर बेळगावला किंवा कोल्हापूरला जा, पण जा. त्यानंतर पत्नीशी संबंध आलेला नसला तरी तिला सांगताना हातात अहवाल असलेला बरा.

दुसरे असे की पुरुषांबद्दलची आपली ओढ हा आजार नाही, त्यामुळे त्यावर औषधही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. 'बरे करून देतो' म्हणून उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाला घरच्यांनी शेजारच्या शहरात नेऊन विजेचे झटके देवविले होते. तो आता लग्नाचा विषय निघाला तरी थरथरतो. अशा ठिकाणी पैसे घालवू नका. रात्री मन फारच खचले तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो.

रातराणी, तो क्रमांक आपल्यासाठीही आहे.

कोर्टगल्ली (सोमवार, रात्री ९:२०)

मी बेळगावला वकिली करतो, तेव्हा कायद्यापुरते लिहितो.

धमकीचे पैसे आपण पुन्हा देऊ नयेत. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या जुन्या ३७७ सारखे कलमच नाही. 'तुलाच पोलीस पकडतील' या धमकीला त्यामुळे अर्थ उरलेला नाही. संदेश पुसून टाकू नका, जपून ठेवा.

विवाहाबाबत आपल्यासमोर एकच दार आहे असे समजू नये. दोघांच्या संमतीने विभक्त होण्याला मुबारात म्हणतात; त्यात मेहेर (निकाहात बायकोला देऊ केलेली रक्कम), इद्दतीचा (विभक्त झाल्यानंतरच्या प्रतीक्षाकाळाचा) खर्च, मुलीचा ताबा आणि पोषण या सगळ्या अटी लेखी ठरवता येतात. खुला म्हणजे बायकोच्या मागणीने होणारी फारकत. नवरा नांदवत नसेल तर १९३९ च्या कायद्याने तिला न्यायालयात जाण्याचाही हक्क आहे. योग्य कारणाशिवाय तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य न पाळणे हे त्यातले एक कारण आहे. आपण रागाच्या किंवा घाबरण्याच्या भरात एका दमात तीन वेळा तलाक म्हणू नये. २०१९ च्या कायद्याने तो निरर्थक आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समलिंगी जोडप्याच्या विवाहाला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता दिली नाही, हेही लक्षात असू द्या.

शांत_ओसरी (मंगळवार, सकाळी १०:१५)

वकील साहेबांनी लिहिले त्यात माझा अनुभव जोडते, कारण तो पुढच्या बाईच्या उपयोगी पडेल. मी खुला घेतला. बैठकीत वडीलधाऱ्यांनी सांगितले की मागणी तुझी आहे, तर मेहेर परत कर. पाच तोळ्यांतले जे उरले होते ते मी ओढणीत बांधून त्यांच्यासमोर ठेवले. तेव्हा सुटका हवी होती म्हणून काही वाटले नाही. नंतर विचार आला, खोटे बोलणारी मी नव्हते, मग भरपाई मी का केली? भाऊ, पुढे काहीही ठरले तरी तिच्यावर ही वेळ आणू नका.

आणि सांगायचे असेल तर भांडणात सांगू नका, फोनवर सांगू नका, सासरी चार माणसे बसवूनही सांगू नका. मुलगी शाळेत असताना सांगा. सगळ्यात आधी हे सांगा की दोष तिच्यात नव्हता. बाकीचे तिला त्या दिवशी ऐकू येणार नाही.

बाजारवेस (मंगळवार, रात्री ८:५०)

ताई, आपले लिखाण मी घरात मोठ्याने वाचले. माझी बायको चपात्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, 'त्या बाईचे बरोबर आहे.' मुलीच्या भवितव्याची माझी काळजी अजून कायम आहे, पण 'सांगू नका' हा सल्ला मी मागे घेतो.

वेदगंगाकाठ (एकोणीस दिवसांनंतर, रविवार, रात्री १२:३०)

आपण सर्वांनी लिहिलेले मी इतक्यांदा वाचले आहे की काही वाक्ये पाठ झाली आहेत. मास्तर, दलवाईंचा मार्ग माझा नाही, कारण मला नमाजेतच आधार मिळतो. तरी प्रश्न आतून विचारण्याचे जे आपण लिहिले ते मी मनाशी धरले आहे. तालिब भाई आणि घटप्रभा साहेब यांच्यातल्या मतभेदाचा निकाल मला लावता आलेला नाही. पण तुम्ही दोघे एकमेकांशी ज्या अदबीने बोललात, तशा अदबीने या विषयावर कोणी बोलताना मी आजवर ऐकले नव्हते.

बेळगावला जाऊन तपासणी केली. अहवाल निगेटिव्ह आला. गुरुवारी मुलगी शाळेत गेल्यावर दुकान उघडले नाही. बायकोने चहा आणून ठेवला. मी तिला म्हटले की बाटलीतले पाणी मला ठाऊक आहे आणि त्याची गरज नाही, कारण कोणी करणी केलेली नाही आणि तुझ्यात काहीही कमी नाही. मग शांत_ओसरी ताईंनी सांगितले त्याच क्रमाने सांगितले. कोल्हापूरचेही सांगितले आणि अहवाल तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ बाटलीच्या झाकणाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, 'मला वाटायचे तुम्हाला माझी किळस येते.' त्यापुढे ती रडली, मी रडलो. दुपारी तिने उठून मुलीचे केस विंचरले आणि मला जेवायला वाढले.

ती सध्या मुलीला घेऊन हुबळीला आईकडे गेली आहे. अजून काही ठरलेले नाही. निघताना तिने विचारले की तुम्हाला कधीपासून माहीत होते, आणि मी 'निकाहाच्या आधीपासून' असे खरे उत्तर दिले. त्यावर ती काही बोलली नाही. मेहेराचे बाकी राहिलेले पैसे मी तिच्या खात्यात भरले आहेत. कोणत्याही कागदावर सही होण्याआधीच ते तिचे होते. मुबारात की आणखी काही, हे ती ठरवील त्या गतीने होईल. अम्मीला मी एवढेच सांगितले आहे की चूक माझी आहे आणि सुनेबद्दल घरात कोणी एक शब्द काढायचा नाही.

रातराणी (रविवार, सकाळी ८:४०)

मला बघायला येणारे लोक येऊन गेले. मी फुफीला आधी सांगून ठेवले होते आणि सगळ्यांसमोर नाही म्हटले. अब्बा माझ्याशी बोलत नाहीत, फुफी मात्र रोज फोन करते.

शांत_ओसरी (रविवार, दुपारी ३:००)

वेदगंगाकाठ भाऊ, आपल्या पत्नीला तिची इच्छा असेल तरच माझ्याबद्दल सांगा. मी हुबळीला दर महिन्याला कापड आणायला जाते. तिला कोणाशी बोलावेसे वाटले तर मी तिच्या आईच्या घराबाहेर कुठेही येऊन भेटेन. ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नका. आणि तिला आठवडाभर फोन करू नका; मुलीशी बोलायचे असेल तर मेहुण्याच्या फोनवर बोला.